टॉर्चची नवी मॉडेलं येतच राहतात; एक निवडून मोकळं कसं व्हायचं

खिशात रोज बाळगायला एक बरा टॉर्च घ्यायचा ठरवून शोधायला बसलं की तासाभरात डोकं भणभणतं. एकेक कंपनी वर्षभरात अर्धा डझन टॉर्च बाजारात आणते. कालच्या मॉडेलमागे आज ‘प्रो’ लागतं, उद्या ‘व्ही२’, आणि कार्टमध्ये टाकून ठेवलेला टॉर्च पैसे भरायच्या आत जुना ठरतो. त्यात नाशिकमध्ये हे टॉर्च दुकानात हाताळून पाहायची सोय जवळपास नाही. मी एप्रिलअखेरीस सुरुवात केली, टॉर्च जूनमध्ये हातात आला आणि सुट्या सेलचं प्रकरण जुलैत मिटलं. टप्पे झाले त्याच क्रमाने लिहितोय. किमती त्या वेळच्या आहेत.

एप्रिलअखेर: आधी वापर कागदावर

मॉडेलांची नावं बघण्याआधी उजेड कुठे लागणार हे लिहून काढावं, आणि प्रत्येक कामासमोर ल्युमेन, म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. घरातले झोपलेले असताना कपाटातून काही काढायला १ ते ५ ल्युमेन पुरतात, त्याहून जास्त डोळ्यांत खुपतात. लाइट गेल्यावर जिना आणि पार्किंग: ३० ते ५०. पायवाटेने चालायला १०० ते १५०. अंजनेरी किंवा हरिहरसाठी पहाटे अंधारात निघालात आणि दगडधोंड्यांची वाट असली तर ३०० ते ५००. कसारा घाटात रात्री गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्यांना दिसण्यापुरता थोडा वेळ याहून जास्त.

यादी डोळ्यासमोर आली की लक्षात येतं, बहुतेक वापर १५० ल्युमेनच्या आतला आहे. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा आपण सर्वांत कमी वापरणार असतो. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न ‘किती कमी होतो आणि मधल्या पायऱ्या कुठे आहेत’ हा ठेवला. काही टॉर्चमध्ये सर्वांत कमी पायरीच ५० ल्युमेनची असते. ते रात्री घरात कामाचे नाहीत.

शेताचा वापर मी मुद्दाम वेगळा काढला. निफाड-सिन्नरकडे ज्यांना रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करायला द्राक्षबागेत किंवा उसाच्या कडेने जावं लागतं, त्यांना बिबट्याचा विचार करावा लागतो. तिथे लांब पल्ल्याचा, मोठ्या रिफ्लेक्टरचा टॉर्च हवा, म्हणजे लांबूनच डोळे चमकलेले दिसतात. खिशातला पसरट उजेडाचा टॉर्च ते काम करत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. एकाच टॉर्चमध्ये दोन्ही शोधत राहिलं की निवड कधीच संपत नाही.

मेचा पहिला आठवडा: सेल ठरला की निम्मं काम झालं

मॉडेल बदलत राहतात, सेलचे आकार मात्र वर्षानुवर्षं तेच आहेत. म्हणून आधी सेल ठरवला.

साध्या डबल-ए आकाराचे फायदे मोठे आहेत. सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतो आणि टॉर्च सेलसकट साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास बसतो. पण रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा, २००० एमएएचचा; म्हणजे २.४ वॉट-तास एवढीच शिदोरी. त्याच मापाचा लिथियम सेल म्हणजे १४५००: १४ मिमी जाड, ५० मिमी लांब, ३.६ ते ३.७ व्होल्ट. सोफिर्न एसपी१० प्रो हा छोटा टॉर्च दोन्ही सेलांवर चालतो. सगळे तसे नसतात. फक्त डबल-एसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये पूर्ण चार्ज झालेला ४.२ व्होल्टचा १४५०० घातला तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला जाणारी वीज सांभाळणारं आतलं सर्किट, जळू शकतो. दोन्ही सेल एकाच मापाचे दिसतात म्हणून हा घोटाळा होतो. माहितीपत्रकात १४५०० हा आकडा स्पष्ट लिहिलेला नसेल तर घालू नये.

१८६५० म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. चांगला सेल ३००० ते ३५०० एमएएचचा, म्हणजे साधारण ११ ते १२ वॉट-तास. टॉर्च सेलसकट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जातो. जीन्सच्या खिशात चालतो, सुती पायजम्याचा खिसा मात्र ओढतो. २१७०० त्याहून जाड आणि ५००० एमएएचच्या आसपास. तो कमरेला किंवा बॅगेत बरा. काही कंपन्या स्वतःचा खास सेल देतात. त्याची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात आणि दुसऱ्या कंपनीचा सेल त्यात चालत नाही. तीन-चार वर्षांनी तो सेल मिळाला नाही तर चांगला टॉर्च अडगळीत जातो. असे टॉर्च मी तिथेच यादीतून काढले. १८६५० ठरला.

आकडे वाचायचे कसे

नामांकित कंपन्या एफएल-१ नावाच्या अमेरिकन मानकाप्रमाणे आकडे देतात. पहिली आवृत्ती २००९ सालची. त्यात काय मोजतात हे माहीत असलं की जाहिरातीची हवा निघून जाते.

ल्युमेन टॉर्च चालू केल्यावर ३० सेकंदांनी मोजतात. किती वेळ चालतो हे मात्र उजेड त्या पहिल्या मापाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. त्यामुळे ‘१३०० ल्युमेन, अडीच तास’ असं लिहिलेलं खोटं नसतं, पण त्यातले १३०० पहिली एक-दोन मिनिटं आणि मग दोन-सव्वादोन तास चारशेच्या आसपास असू शकतात. पडताळा घरच्या घरी होतो. ३००० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे १०.८ वॉट-तास. खिशातल्या टॉर्चमध्ये एका वॉटमधून साधारण १०० ते १३० ल्युमेन निघतात. १२० धरले तर पूर्ण सेलमध्ये जेमतेम १३०० ल्युमेन-तास भरले: १३०० ल्युमेन एक तास, किंवा १३० ल्युमेन दहा तास. कुणी यापेक्षा जास्त सांगत असेल तर तो सेलबाहेरची वीज मोजतोय.

हाच हिशोब ऑनलाइन दिसणाऱ्या ‘१०,००० ल्युमेन’वाल्या चारशे रुपयांच्या टॉर्चला लावा. एवढ्या उजेडाला ८० वॉटहून जास्त शक्ती लागते. एका १८६५०मधून ती खेचायची म्हणजे वीसपेक्षा जास्त अँपिअर, आणि तरी सेल आठ मिनिटांत रिकामा. शिवाय ती उष्णता बोटभर जाडीच्या नळीतून बाहेर जाणार कशी?

पल्ल्याचा आकडा कँडेलावरून येतो, म्हणजे झोत एका दिशेला किती तीव्र आहे त्याच्या मापावरून. कँडेलाला चाराने गुणून वर्गमूळ काढलं की मीटर मिळतात. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. मात्र त्या अंतरावर पडणारा उजेड पाव लक्स, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तिथे काहीतरी आहे एवढंच कळतं. माणूस आहे की कुत्रं हे ओळखायचं तर छापील पल्ल्याचा निम्मा धरावा. पाचशे रुपयांच्या टॉर्चवर ‘२ किमी’ छापलेलं दिसलं तर त्याला दहा लाख कँडेला लागतील हे मनात करून पाहायचं आणि पुढे जायचं.

मेचा मध्य: मेनरोड, रविवार कारंजा, एम. जी. रोड

दुकानात हवा तो टॉर्च मिळणार नाही हे गृहीत धरूनच गेलो, पण बाजारात काय आहे ते पाहणं गरजेचं होतं. ‘बॅटरी दाखवा’ म्हटलं की काउंटरवर तीन प्रकार येतात: प्लास्टिकचे शिसे-आम्ल बॅटरीवाले घरगुती टॉर्च, साध्या सेलचे स्वस्त टॉर्च, आणि २५० ते ८०० रुपयांतले ‘झूम’वाले.

झूमवाला हातात घेऊन नीट बघावा. पुढचं डोकं सरकवलं की भिंतीवर एलईडीचा चौकोन उमटतो आणि दुकानदार खूश होऊन ‘बघा किती लांब जातो’ म्हणतो. चौकोन जितका लहान, तितका जास्त उजेड नळीच्या आतल्या भिंतीवर वाया गेलेला असतो. सरकणाऱ्या डोक्यातून पाणी आत शिरतं, त्र्यंबकच्या पावसात तो एक मोसमही टिकायचा नाही. आत सेलच्या जागी प्लास्टिकची नळी आणि तीन ट्रिपल-ए सेलचा पिंजरा दिसला तर पिंजऱ्याच्या स्प्रिंगा हाच त्याचा पहिला बिघाड.

याच बाजारातून दोन कामाच्या गोष्टी घेतल्या: ३५० रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि १२० रुपयांची सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी. लिथियम सेलवाला टॉर्च वापरायचा असेल तर मल्टिमीटर घरात हवाच.

सुटे १८६५० सेलही काउंटरवर दिसले. वेष्टणावर ९८०० एमएएच छापलेला सेल उचलून बघा, हातालाच हलका लागतो. खरा १८६५० साधारण ४५ ते ४९ ग्रॅमचा असतो. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर आत सुमार माल आहे. आजघडीला सर्रास मिळणाऱ्या १८६५०मध्ये ३५००-३६०० एमएएचच्या फार पुढे कुणी जात नाही.

मेचा शेवट: नव्या मॉडेलांची कात्री

यादी तीन टॉर्चवर आली आणि नेमकी त्याच आठवड्यात यादीतल्या एकाची नवी आवृत्ती जाहीर झाली. इथे बरेच जण अडकतात: नवं येईपर्यंत थांबू म्हणतात, ते येईतो आणखी एक येतं.

यावर एक चाळणी ठरवली. नव्या आवृत्तीत एलईडी, ड्रायव्हर, सेल, बटण आणि चार्जिंग या पाचांपैकी काय बदललं ते शोधायचं. जे बदललं ते आपल्या कागदावरच्या एखाद्या कामाला लागत असेल तरच थांबायचं. रंगीत नळी, मर्यादित आवृत्ती, वाढीव सर्वोच्च ल्युमेन यासाठी थांबायचं नाही.

वाढीव ल्युमेनचं खरं मोल किती ते फेनिक्सच्या पीडी३५ मालिकेत दिसतं. पहिला ८५० ल्युमेनचा, मग ९६०, मग १०००चा व्ही२ आणि व्ही३ला आकडा १७००वर. कागदावर पहिल्याच्या दुप्पट. पण उजेड डोळ्याला दुप्पट वाटायला ल्युमेन साधारण चौपट लागतात. पल्लाही वर्गमुळाने वाढतो: तोच रिफ्लेक्टर आणि तेवढाच एलईडी ठेवून उजेड दुप्पट केला तर पल्ला १.४ पट होतो. आणि एवढा उजेड लहान नळीला दोन-तीन मिनिटांपलीकडे पेलत नाही. तापमान वाढलं की ड्रायव्हर स्वतःच उजेड उतरवतो. नाशिकच्या मेमध्ये, बाहेर चाळीस अंश असताना, तो आणखी लवकर उतरतो.

उलट ड्रायव्हर सुधारला असेल तर त्याचा उपयोग रोज होतो. साधा लिनिअर ड्रायव्हर जादाची वीज उष्णतेत घालवतो आणि सेल उतरेल तसा उजेडही मंदावतो. बक किंवा बूस्ट ड्रायव्हर उजेड बराच वेळ सारखा ठेवतो. जाहिरातीत हे क्वचितच सांगतात. वेळ आणि उजेडाचा आलेख दिलेला असेल तर सपाट रेष शोधायची. झपाट्याने उतरत जाणारी रेष दिसली की समजून जायचं.

एलईडीचा रंग हा दुसरा उपयोगी बदल. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप. सीआरआय ७० आणि ९० यांतला फरक आकड्यात लहान वाटतो, पण स्विचबोर्ड उघडून लाल आणि तपकिरी वायर ओळखताना, किंवा पाचोळ्यात तपकिरी साप दिसायला तो कामाला येतो. सॅमसंगचा एलएच३५१डी आणि निचियाचा ५१९ए हे दोन्ही ९०च्या वरच्या सीआरआयमध्ये मिळतात. बदल्यात उजेडाचा पाचवा हिस्सा साधारण कमी होतो. माझ्या लेखी हा सौदा फायद्याचा आहे. उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात, आकडा कमी तितकी पिवळसर. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड जास्त प्रखर भासतो म्हणून खपतो. मी ४००० ते ५००० केल्विन धरला.

नवीन म्हणून घाई न करण्याचं आणखी एक कारण आहे. पहिल्या खेपेत बटणाचे, चार्जिंगचे दोष निघतात आणि कंपन्या गाजावाजा न करता पुढच्या खेपेत ते सुधारतात. जाहीर झाल्यापासून तीन-चार महिने जुनं झालेलं मॉडेल घेणं शहाणपणाचं. कॉन्व्हॉयची एस२+ ही नळी तर कित्येक वर्षं तशीच आहे. आत १७ मिमीचा ड्रायव्हर, १६ मिमीची एलईडीची चकती. नवा एलईडी आला की त्याच नळीत बसतो, सोल्डरिंग येत असेल तर घरीही बदलता येतो. हातात सोल्डरिंग गन असलेल्याने तीच घ्यावी. मला टॉर्चमध्येच टाइप-सी चार्जिंग हवं होतं, म्हणून वुर्कोसचा एफसी११ ठरवला: १८६५० सेल, बाजूला बटण, बुडाला लोहचुंबक, एलएच३५१डी एलईडी.

जूनची सुरुवात: बाहेरून मागवायचा की इथूनच

हवा तो एलईडीचा रंग इथल्या विक्रेत्याकडे लगेच नव्हता, म्हणून परदेशातून थेट मागवण्याचा मार्ग पूर्ण तपासला. त्यात बरेच कागद आहेत.

अलीएक्सप्रेस या चिनी खरेदीच्या संकेतस्थळावर भारतात नोव्हेंबर २०२०पासून बंदी आहे. राहतात कंपन्यांची स्वतःची संकेतस्थळं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ऑक्टोबर २०२०पासून नव्या कार्डावर ते मुळातच बंद असतात. बँक विनिमयावर मार्कअप लावते, त्या मार्कअपवर जीएसटी. पार्सल मुंबईत उतरलं की कुरिअर कंपनी केवायसी मागते: आधार किंवा पॅन, पत्त्याचा पुरावा, काही वेळा पैसे भरल्याची पावती. आधारवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव एकसारखं असावं. ‘आप्पा’, ‘बंटी’ अशा हाकेच्या नावाने ऑर्डर दिली तर पार्सल तिथेच अडतं.

सीमाशुल्क वस्तूच्या एकट्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या मूल्यावर लागतं. त्यावर मूळ शुल्क, मूळ शुल्कावर समाजकल्याण अधिभार, मग या सगळ्यावर आयजीएसटी, आणि वर कुरिअरची हाताळणी फी. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचे पाहावेत. ‘गिफ्ट लिहून पाठवायला सांगा’ हा सल्ला अजून फिरतो. डिसेंबर २०१९पासून पोस्ट-कुरिअरने भेटवस्तू म्हणून आयात बंद आहे. सूट आहे ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. टॉर्च दोन्हींत बसत नाही.

हिशोब मांडल्यावर तीस डॉलरच्या टॉर्चमध्ये आणि इथल्या आयातदाराच्या किमतीत फार अंतर उरेना, आणि इथे जीएसटीचं बिल मिळतं. वॉरंटीसाठी ते बिल लागतं. थोडं थांबायची तयारी ठेवली आणि ५००० केल्विनचा माल आल्यावर इथूनच घेतला. टॉर्च सेलसकट ३,३९० रुपये. ऑर्डर ९ जूनला, सोबत दुसऱ्या एका विक्रेत्याकडून सुटा सेल ५४० रुपयांना.

जून: आलेल्या सेलची भानगड

टॉर्च आठवड्याभरात आला. सेल रेंगाळला, आणि त्यालाही कारण आहे. सुटे लिथियम-आयन सेल धोकादायक माल समजले जातात, वर्गीकरण यूएन ३४८०. १ एप्रिल २०१६पासूनच्या आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत ते प्रवासी विमानातून कार्गो म्हणून नेता येत नाहीत, आणि मालवाहू विमानातही चार्ज ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा लागतो. म्हणून सुटे सेल रस्त्याने येतात. उपकरणाच्या आत किंवा सोबत असलेला सेल यूएन ३४८१मध्ये जातो, त्याला नियम सैल आहेत. घाई असेल तर सेल टॉर्चसोबतच घ्यावा.

आलेला सेल मागवलेला नव्हता. ऑर्डर सपाट टोकाच्या, ६५ मिमीच्या सेलची. आला तो संरक्षक सर्किटवाला, वर उंचवटा असलेला, ६९ मिमीचा. हे चार मिलिमीटर लहान वाटतात, पण टॉर्चचं झाकण पूर्ण बसत नव्हतं आणि आट्यांजवळ काळं ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, उघडं दिसत होतं. तसा वापरला तर पाणी सरळ आत. जोर लावून झाकण आवळू नये, स्प्रिंग दबून सेलचं टोक चेपतं.

परतीची पिक-अप कुरिअरने नाकारली. सुटा लिथियम सेल घरातून घेण्याची त्यांना मुभा नाही, असं उत्तर. मग ई-मेल: बिलाचा क्रमांक, वेष्टणाचा फोटो, पट्टीशेजारी सेल ठेवून काढलेला लांबीचा फोटो. विक्रेत्याने आधी ‘चालेल, वापरून बघा’ कळवलं. लांबीचा फोटो दुसऱ्यांदा पाठवल्यावर बदली सेल पाठवला आणि चुकीचा परत मागितला नाही. यात जुलै उजाडला. असं झालं तर बोलणं फोनवर न करता लेखी ठेवा, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

सेलवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागते. वेष्टणावर किंवा खोक्यावर आयएस १६०४६ आणि त्याखाली ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाचा, कोणत्या ब्रँडचा ते दिसतं. क्रमांक खरा पण ब्रँड भलताच निघाला तर सेल परत करावा.

हातात आल्यावर पहिल्या संध्याकाळी

कारखान्यातून आलेल्या टॉर्चच्या सेलवर बहुधा प्लास्टिकची पारदर्शक चकती असते, ती काढली नाही तर टॉर्च लागतच नाही आणि लोक बिघडलेला म्हणून परत करतात. सेल काढून मल्टिमीटरवर पाहिला: ३.६ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण तीस टक्के चार्ज. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल चार्ज करू नये.

चार्जिंग दोन्ही वायरींनी तपासा. काही टॉर्च टाइप-ए ते टाइप-सी वायरने चार्ज होतात, पण मोबाइलच्या नव्या सी-ते-सी वायरने होत नाहीत. टॉर्चच्या सॉकेटमध्ये ५.१ किलोओहमचे रेझिस्टर घातलेले नसतील तर सी प्रकारचा चार्जर समोर उपकरण आहे हे ओळखत नाही आणि वीजच सोडत नाही. टॉर्च खराब नसतो. जुनी वायर जपून ठेवायची एवढंच. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४.१५ ते ४.२० व्होल्ट दाखवायला हवा. ४.२५च्या वर गेला तर ते चार्जिंग सर्किट वापरू नका.

मंद उजेड मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला. पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड भरभर चालू-बंद करून कमी केलेला आहे, काहींना त्याने डोकं दुखतं. उजेड किती टिकतो हे पाहायला अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे तोंड करून उभा ठेवायचा, बाजूला मोबाइलवर लक्समीटर ॲप, आणि दर मिनिटाला आकडा लिहायचा. ॲपचा लक्स अचूक नसतो, पण उतार किती हे कळायला पुरतो. हा प्रयोग टॉर्चजवळ बसून करायचा. सर्वोच्च पायरीवर लेन्सला टेकलेलं कापड जळू शकतं. याच कारणासाठी खिशात ठेवताना झाकण पाव फेरा सैल करावं. आट्यांवर अॅनोडायझिंग असल्याने त्या वीज वाहत नाहीत, झाकण सैल होताच सर्किट तुटतं आणि बटण चुकून दाबलं गेलं तरी खिसा जळत नाही. बाजूच्या बटणाचे टॉर्च बंद असतानाही किंचित वीज खातात, तीही थांबते.

पावसाळ्यात

घाटमाथ्यावर, ब्रह्मगिरीच्या बाजूला धुकं असलं की सर्वोच्च उजेड लावून काही दिसत नाही, समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यासाठी पिवळा उजेड हवा असं म्हणतात, पण धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की सगळे रंग ते जवळपास सारखेच उधळतात. फरक पडतो तो हात कुठे आहे याने. टॉर्च कमरेखाली धरून उजेड शे-दीडशे ल्युमेनवर आणला की परत डोळ्यात येणारा झोत कमी होतो आणि पायाखालचं दिसतं. हेडलॅम्प याच कारणाने धुक्यात त्रास देतो.

चार्जिंगच्या सॉकेटचं रबर पावसात जाण्याआधी अंगठ्याने दाबून बसवायचं. भिजल्यावर लगेच चार्जिंगला लावायचा नाही. आधी सेल काढून झाकण उघडं ठेवून रात्रभर सुकवायचा. बुडाच्या लोहचुंबकाचा उपयोग गाडीच्या बॉनेटखाली भरपूर होतो, मात्र सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये वापरणाऱ्यांनी सांभाळावं: लोखंडाचा कीस बुडाला चिकटतो आणि तिथून आट्यांत शिरतो. चिकटपट्टी दाबून काढली की निघतो, कापडाने पुसलं तर पसरतो.

देखभाल आणि एकूण खर्च

दोन-तीन महिन्यांनी आट्या कोरड्या कापडाने पुसून ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. व्हॅसलिन काही प्रकारच्या रबराला फुगवतं, ते नको. सेलची टोकं कानकाडीवर स्पिरिट घेऊन पुसली की लुकलुकणं बहुतेकदा थांबतं. टॉर्च बरेच दिवस पडून राहणार असेल तर सेल ३.७ ते ३.८ व्होल्टवर ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. विमानाने जाताना सुटा सेल प्लास्टिकच्या डबीत घालून हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात नाही. सेलचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलं तर सेल वापरायचा बंद. वेष्टणाखालचं सगळं अंग ऋण टोक असतं, धन टोकाशी धातू टेकला की शॉर्ट.

टॉर्च ३,३९०, सुटा सेल ५४०, मल्टिमीटर ३५०, ग्रीस १२०, सेलची डबी ६०. एकूण ४,४६० रुपये. यातला मल्टिमीटर घरात आधीच असेल तर तेवढे वाचतील.

चुकीचा आलेला ६९ मिमीचा सेल दुसऱ्या एका टॉर्चमध्ये नीट बसतो, म्हणून तो वापरात आहे. एखादा सेल फुगला, गरम होऊ लागला किंवा चार्ज धरेना झाला तर दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावून बाजूला ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या. घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो आणि दबलेला लिथियम सेल पेट घेतो.